खारं पाणी आणि तापलेली कॉईल

थंडी सुरू झाली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळ्यात गळती आणि ओल, उन्हाळ्यात कूलर, आणि कार्तिकापासून पुढे गीझर. या वेळची पत्रं नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतून सर्वाधिक आली आणि बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे बोअरचं जड पाणी. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहे.

प्रश्न : आमच्या घरी एक विक्रेता आला होता. त्याने पेनासारखं मीटर आमच्या बोअरच्या पाण्यात बुडवलं, ९४० आकडा आला. मग दोन सळ्यांचं यंत्र आमच्या पाण्यात आणि त्याच्या बाटलीतल्या पाण्यात लावलं. आमचं पाणी काळपट तपकिरी झालं, त्याचं स्वच्छ राहिलं. पूर्ण घराला सॉफ्टनर बसवा, आकडा शंभरावर येईल, असं तो म्हणतो. घ्यावा का? (खाडगाव रोड, लातूर)

उत्तर : अजून पैसे दिले नसतील तर थांबा. तो सळ्यांचा प्रयोग दिशाभूल करणारा आहे. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे सळीचं लोखंडच झिजून पाण्यात उतरतं आणि रंग दिसतो. ती घाण तुमच्या पाण्यातली नाही, सळीची आहे. त्याच्या बाटलीतल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज वाहत नाही आणि रंगही येत नाही. त्या बाटलीत चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग करायला सांगा.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची गोळाबेरीज. त्यात मीठही आलं, सोडाही आला. यंत्रं खराब करतं ते काठिण्य, म्हणजे त्यातला फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा वाटा. पेनासारखं मीटर काठिण्य मोजत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो, म्हणून उत्तम चालणाऱ्या सॉफ्टनरनंतरही टीडीएसचा आकडा जवळपास तेवढाच राहतो. ९४०चे शंभर होतील असं सांगणाऱ्याला एकतर हे माहीत नाही किंवा तो तुमच्यापासून लपवतोय.

आधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ही तपासणी होते. बोअर दहा मिनिटं चालू द्या, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी पोचवा. अहवालात दोन आकडे मागून घ्या : एकूण काठिण्य आणि क्षारता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर ६००पर्यंत चालवून घेता येतं. क्षारतेचा आकडा काठिण्याइतका किंवा जास्त असेल, तर तुमचं सगळं काठिण्य तापवल्यावर खाली बसणाऱ्या जातीचं आहे. ते गीझरला घातक, पण उकळून काढता येतं. क्षारता कमी असेल तर उरलेला भाग उकळूनही जात नाही. हे दोन आकडे हाती आल्याशिवाय कुठलंही यंत्र विकत घेऊ नका, एवढीच कळकळीची विनंती.

प्रश्न : दोन वर्षांत तिसऱ्यांदा गीझरची कॉईल जळायलीय. मेकॅनिक म्हणतो, बोअर बदला. लाइट बिलही वाढलंय. काय करावं? (सिडको, नांदेड)

उत्तर : ताई, बोअर बदलून शेजारच्या खडकातलंच पाणी लागेल. आपल्याकडचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, त्यावर काळी माती आणि मातीत चुनखडीचे खडे. पावसाचं पाणी मातीतून उतरताना तिथला कार्बन डायऑक्साइड वायू पोटात घेतं, थोडं आम्ल होतं आणि वाटेतला चुना विरघळवून खाली नेतं. बोअरमधून वर येतं तेव्हा ते दिसायला नितळ असतं. तुम्ही ते तापवता तेव्हा वायू उडून जातो आणि त्याच्या जोरावर विरघळून राहिलेला चुना जागच्या जागी दगड होऊन बसतो. सगळ्यात गरम जागा कॉईलची, म्हणून पहिला थर तिच्यावर.

आता बिलाबद्दल. जड पाण्याने विजेचं बिल प्रचंड वाढतं असं सगळीकडे सांगितलं जातं. गॅस गीझरच्या बाबतीत ते खरं आहे, कारण तिथे पाण्यात न गेलेली उष्णता धुराबरोबर बाहेर जाते. विजेची कॉईल मात्र पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. तुमचं बिल वाढण्याचं कारण बहुधा दुसरं असावं, थर्मोस्टॅट तपासून घ्या. नुकसान होतं ते कॉईलचं. चुन्याच्या थरातून उष्णता तांब्याच्या तुलनेत शेकडो पट सावकाश जाते. आतली तार तापत राहते, उष्णतेला बाहेर वाट मिळत नाही आणि शेवटी नळी फुटते. तुमच्या तीन कॉईल अशाच गेल्या असणार.

उपाय सांगतो, स्वस्तापासून सुरुवात करून. गीझरचं बटण ७०वर असेल तर ५५वर आणा. साठच्या पुढे चुना झपाट्याने बसतो, आणि बादलीत विसण घालून अंघोळ करणाऱ्या घराला सत्तर अंशांची गरज नसते.

दुसरा उपाय मला सगळ्यात जास्त पटतो. तुमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं. विष्णुपुरीचं गोदावरीचं पाणी बोअरपेक्षा खूपच हलकं असतं. पण बहुतेक घरांत ते आणि बोअरचं पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत पडतं आणि चांगल्या पाण्याचाही गुण जातो. नळाच्या पाण्याला ३०० लिटरची वेगळी छोटी टाकी ठेवा आणि तिची एकच लाइन खाली आणा : स्वयंपाकघर, गीझर, वॉशिंग मशीन. संडास, फरशी, अंगण यांना बोअर. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे, आणि मी पाहिलेल्या कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा याने जास्त गीझर वाचवले आहेत.

तिसरा उपाय वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास. मेन स्विच बंद करून, पाणी काढून टाकून मेकॅनिककडून कॉईल बाहेर काढा. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं. दोन लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम टाकून कॉईल त्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, आणि थर उरला तर नवं पाणी करा. पाणी कोमटच असू द्या. उकळत्या पाण्यात लिंबूसत्व आणि चुना मिळून पुन्हा न विरघळणारा पांढरा गाळ होतो आणि मेहनत वाया जाते. टाकीच्या तळाशी साचलेले चुन्याचे पापुद्रे हाताने काढा, लोखंडी पट्टीने खरवडू नका, आतलं काचेचं अस्तर निघतं. मॅग्नेशियमचा रॉड बोटाएवढा उरला असेल तर बदला. संडास धुण्याचं ॲसिड गीझरमध्ये कधीही घालू नका, ते चुन्याबरोबर धातूही खातं. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचिंग पावडरच्या जवळ नेऊ नका, त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद बाथरूममध्ये जीव घेऊ शकतो.

शेवटचं, आणि खरं तर सगळ्यात गंभीर. गीझरच्या थंड पाण्याच्या तोटीवर एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आतला दाब वाढला तर तो उघडतो. जड पाण्याने हा व्हॉल्व्ह चुन्यात रुतून बसतो. थर्मोस्टॅट बिघडला आणि व्हॉल्व्हही उघडला नाही तर टाकी फुटते. तीन महिन्यांतून एकदा, पाणी थंड असताना त्याची दांडी उचलून पाहा. पाण्याची धार आली नाही तर त्याच दिवशी बदला.

प्रश्न : पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा दगड चढतो. मी तो बत्त्याने हलकेच ठोकून काढते. चालतं ना? (देगलूर)

उत्तर : नाही चालत, मावशी. कृपा करून आजपासून थांबवा. ठोकल्याने वरच्या नळीला डोळ्याला न दिसणारी चीर पडते, आत पाणी शिरतं आणि बादलीतल्या सगळ्या पाण्यात करंट उतरतो. प्लग काढून, रॉड गार झाल्यावर त्याचा फक्त बुडणारा भाग लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. ज्या रॉडला आजवर ठोकलंय तो टाकून द्या. घराच्या मीटरजवळ गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच नसेल तर तो बसवून घ्या. रॉड चालू असताना पाण्यात हात घालून ऊन झालं का ते बघू नका, लेकरांना तर जवळही येऊ देऊ नका.

प्रश्न : मी लातूरमध्ये मुलींचं वसतिगृह चालवते. बारावी आणि नीटच्या ४० मुली आहेत, पाणी पूर्ण बोअरचं, काठिण्य ६०० आलंय. दर दोन महिन्यांनी गीझर दुरुस्ती. सगळ्या इमारतीला सॉफ्टनर बसवावा, की मोठा आरओ? (औसा रोड, लातूर)

उत्तर : पाणी आधी तपासून लिहिलंत, त्यामुळे नेमकं उत्तर देता येतं. हिशेब मांडू. प्रत्येक मुलीला १५ लिटर गरम पाणी, म्हणजे दिवसाला ६०० लिटर. लिटरला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या गीझरमधून रोज ३६० ग्रॅम चुना जातो. त्यातला चौथा हिस्सा जरी आत बसला तरी महिन्याला पावणेतीन किलो. दर दोन महिन्यांनी दुरुस्ती यात नवल नाही.

सॉफ्टनर बसवाच, पण फक्त गीझरच्या लाइनवर. २५ लिटर राळेचा सॉफ्टनर तुमच्या ६०० लिटरला साधारण चार दिवस पुरेल. चौथ्या दिवशी त्याला तीन-चार किलो मिठाचं पाणी द्यावं लागतं, मीठ मातकट नको. त्या धुण्यात दोनशे-अडीचशे लिटर पाणी जातं. सगळ्या इमारतीला हाच सॉफ्टनर लावला तर संडासात सोडायच्या पाण्यालाही तुम्ही मीठ खर्च कराल आणि धुण्याचं पाणी कित्येक पट वाया जाईल.

मोठ्या आरओला माझा स्पष्ट नकार आहे. साधा आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकतो. एवढ्या काठिण्यात त्याचा पडदाही चुन्याने लवकर बुजतो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा दहा टँकरांत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि सुमारे ३४० किलोमीटरवरून पाणी ओढून आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली पिढी अजून याच गावात राहते. इथे अंघोळीसाठी तीन लिटर पाणी गटारात सोडणं मला पटत नाही. पिण्यापुरता छोटा आरओ ठेवा आणि त्याचं फेकलेलं पाणी पिंपात साठवून फरशी पुसायला वापरा.

सॉफ्टनरचं मिठाचं पाणी झाडांना किंवा बोअरजवळच्या खड्ड्यात जाऊ देऊ नका. काळ्या मातीत सोडियम शिरलं की माती चिकट होऊन बसते, पाणी मुरत नाही. शेतकरी जिला चोपण जमीन म्हणतात ती अशीच होते. सॉफ्ट केलेलं पाणी मुलींना पिण्यास देऊ नका, त्यात सोडियम वाढलेलं असतं.

प्रश्न : गच्चीवर काचेच्या नळ्यांचा सोलर आहे. उन्हाळ्यात वापरत नाही, तरी दरवर्षी दोन-तीन नळ्या फुटतात आणि पाण्यात पांढरे कण येतात. (अहमदपूर)

उत्तर : फुटण्याचं आणि पांढऱ्या कणांचं कारण एकच : वापरत नसताना सोलर उघडा ठेवणं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन आणि तुम्ही पाणी काढत नाही, मग टाकीतलं पाणी दिवसेंदिवस ८०-९० अंशांवर शिजत राहतं. हिवाळ्यात चार महिन्यांत बसत नाही एवढा चुना त्या दोन महिन्यांत बसतो. होळी झाली की नळ्यांवर ताडपत्री किंवा जुनी गोधडी घट्ट बांधून टाका. खर्च शून्य आहे.

नळ्या फुटतात त्या बहुतेक दुपारी. पाणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या गावांत टाकी मधेच रिकामी होते, कोरड्या नळ्या उन्हात भाजतात आणि मग एकदम गार पाणी आत येतं. काच तडकते. टाकी रिकामी झाली असेल तर पाणी सूर्य उगवण्याआधीच सोडा, कितीही घाई असली तरी.

साफसफाई पहाटे करा. टाकी रिकामी करून नळ्या एकेक काढा, लिंबूसत्वाच्या पाण्याने भरून रात्रभर उभ्या ठेवा, मऊ ब्रशने आतून धुवा. परत बसवताना रबराला साबणाचं पाणी लावा म्हणजे ते फाटत नाही. नवा सोलर घेणाऱ्यांना एक सूचना : तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट सोलर जड पाण्यात लवकर बुजतो आणि आतून साफ करता येत नाही. तोच हवा असेल तर तापणारं पाणी बंद फेऱ्यात वेगळं फिरणारा प्रकार घ्या.

प्रश्न : बोअरच्या पाण्यात तुरटी फिरवून ते वॉशिंग मशीनला वापरते. तरी कपडे पांढरट आणि कडक होतात. याच पाण्यात तूरडाळही शिजत नाही. (मुखेड)

उत्तर : तुरटी गढूळपणा खाली बसवते, काठिण्याला ती हात लावत नाही. उलट उकळून न जाणारा भाग थोडा वाढवते. तिच्याऐवजी धुण्याचा सोडा वापरा. ५०० काठिण्याच्या ४० लिटर पाण्यात साधारण २० ग्रॅम चुना असतो आणि तेवढाच, २० ते २२ ग्रॅम सोडा त्याला खाली बसवतो. रात्री पिंपात सोडा विरघळवून ठेवा, सकाळी वरचं निवळ मशीनमध्ये ओता. सोडा थेट मशीनमध्ये टाकला तर चुना कपड्यांवरच बसतो. वडीच्या साबणाऐवजी पावडर वापरा, साबण जड पाण्यात फेसाऐवजी चिकट मळ तयार करतो. मशीन समोरून उघडणारं असेल तर गरम पाण्याचं बटण रोज लावू नका. आत येणाऱ्या पाइपची बारीक जाळी महिन्यातून एकदा काढून धुवा.

डाळीचं म्हणाल तर दोष डाळीचा नाही. लातूरच्या गिरणीची उत्तम डाळ असली तरी पाण्यातला कॅल्शियम दाण्याला घट्ट धरून ठेवतो. डाळीपुरतं नळाचं पाणी घ्या, नाहीतर आदल्या रात्री पाणी उकळून, गार करून, निवळून घ्या.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. कूलरच्या गवतावर महिन्याभरात मिठाचे खडे दिसतात, पंप अडकतो. टाकीत तुरटी टाकू का? (तरोडा, नांदेड)

उत्तर : सर, तुरटीने काही होणार नाही. कूलरमधून उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. दिवसाला ६० लिटर पाणी उडालं आणि काठिण्य ५०० असलं तर रोज ३० ग्रॅम चुना टाकीत आणि गवतावर साठतो. आपण मात्र रोज वरून भर घालत राहतो, खालचं पाणी काढत नाही. आठवड्याने टाकीत असतं ते मूळ पाणी नव्हे, त्याचा आटवलेला काढा असतो.

दर दोन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा. ते पाणी संडासात घाला, झाडांना नको. आठवड्यातून एकदा गवतावर नळीने जोरात पाणी मारून क्षार धुऊन काढा, पंपाची जाळी साफ करा आणि टाकी कोरडी पुसा. डेंगीच्या डासाची अंडीही त्याने जातात, म्हणजे कोरड्या दिवसाचं कामही त्यातच होतं. गवत दगडासारखं कडक झालं की बदला, त्यातून हवाच जात नाही आणि मोटरवर ताण येतो.

प्रश्न : इन्व्हर्टरच्या बॅटरीत आरओचं पाणी चालेल का? (उदगीर)

उत्तर : नाही. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार राहतात आणि बॅटरीत ते साठत जातात. एसीतून ठिबकणारं पाणीही नको, त्यात धूळ आणि कॉईलचा धातू उतरलेला असतो. दुकानातलं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणीच घाला.

प्रश्न : आमचं पाणी फ्लोराइडचं आहे असं गावात म्हणतात. सॉफ्टनर लावला तर जाईल का? (किनवट)

उत्तर : जाणार नाही. सॉफ्टनर फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो. फ्लोराइडची वेगळी तपासणी करून घ्या. लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दीडच्या वर असेल तर ते पाणी पिऊ नका आणि विशेषतः लहान मुलांना देऊ नका. हा गीझरचा नव्हे, दातांचा आणि हाडांचा प्रश्न आहे.

प्रश्न : गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडलं तर पाणी हलकं होईल का? (रेणापूर)

उत्तर : होऊ शकतं, आणि हे पत्र वाचून मला फार आनंद झाला. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलीमीटर पावसात ६५ हजार लिटर पाणी पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी ५२ हजार लिटर, आणि त्यात चुना जवळजवळ नसतो. किती फरक पडेल हे तुमच्या खडकातल्या भेगांवर अवलंबून आहे, त्यामुळे आकड्याचं वचन देत नाही.

गच्ची आधी झाडून घ्या. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा. मग पाइप वाळू, खडी आणि कोळशाच्या गाळणीतून घ्या. गाळणीशिवाय बोअरमध्ये थेट पाणी सोडू नका, गच्चीवरची घाण थेट शेजाऱ्यांच्याही पाण्यात जाते. संडासाचा खड्डा बोअरच्या जवळ असेल तर आधी ते अंतर मोजून मला कळवा. मेमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा त्याच बोअरचं काठिण्य तपासून दोन्ही अहवाल पाठवा.